‘कन्सिडर’पुढे ‘ॲज’ हवेच का?

कोल्हापूरला दक्षिण काशी मानतात, हे इंग्रजीत सांगताना आपल्याकडे सर्रास ‘कोल्हापूर इज कन्सिडर्ड ॲज दक्षिण काशी’ असे लिहिले जाते, कारण ‘म्हणून मानणे’ यातील ‘म्हणून’साठी ‘ॲज’ हवेच, असा जुना समज आहे. तो चुकीचा आहे. ‘ॲज’ लागते ते ‘रिगार्ड’ला, मत सांगणाऱ्या ‘कन्सिडर’पुढे प्रमाण लेखनात नाम किंवा विशेषण थेट येते, फार तर ‘टु बी’ येते. मराठीतही ‘अंबाबाईला कुलदैवत मानतात’ असे आपण ‘म्हणून’शिवाय किती सहज बोलतो! मात्र रंकाळ्याचा पर्यटनस्थळ म्हणून नव्हे, तर जलाशय म्हणून विचार करा, असे सुचवायचे असेल, तेव्हा ‘कन्सिडर’सोबतचे ‘ॲज’ निर्दोष ठरते.