माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना

सेनादलांतून निवृत्तिवेतनावर बाहेर पडलेले सैनिक, त्यांची पत्नी वा पती आणि अवलंबित कुटुंबीय यांच्यासाठी भारत सरकार चालवत असलेली वैद्यकीय उपचार योजना. फौजी घरांत तिला ‘ईसीएचएस’ एवढेच म्हणतात. १ एप्रिल २००३ रोजी ती सुरू झाली. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेचा (सीजीएचएस) आराखडा तिने घेतला असला, तरी तिचा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाकडे आहे.

साधा शिपाई १५ ते १७ वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी परततो. मुलकी कर्मचारी साठीपर्यंत नोकरीत असतो, म्हणजे रक्तदाब, साखर, गुडघे यांची पहिली दुखणी त्याला सेवेत असतानाच गाठतात. सैनिकाची ती दुखणी वर्दी उतरल्यावर येतात. बर्फात आणि वाळवंटात काढलेल्या वर्षांची वसुली शरीर नंतरच करते. म्हणून सैनिकाच्या बाबतीत निवृत्तीनंतरचे उपचार ही सरकारची मेहेरबानी धरता येत नाही. सेवेच्या मोबदल्याचा तो मागाहून द्यायचा भाग आहे.

२००३ पूर्वी निवृत्त फौजीला मुख्यतः लष्करी रुग्णालयाचाच आधार होता आणि तिथेही सेवेतल्या जवानांना पहिला मान. शिवाय ही रुग्णालये छावण्यांच्या गावी. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर पुणे, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी आणि मुंबईचे नौदलाचे ‘अश्विनी’. फौजेत पिढ्यान्‌पिढ्या मुले पाठवणारी गावे मात्र दुसरीकडेच आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत आणि गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नावच पडले. कोल्हापूर जिल्ह्यातली सैनिक टाकळी तशीच. पलटण जिथे असते तिथे रुग्णालय असते, निवृत्त सैनिक मात्र शेत जिथे असेल तिथे राहतो. हे अंतर कमी करण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत योजनेची पॉलिक्लिनिके, म्हणजे बाह्यरुग्ण दवाखाने, उभी राहिली. देशभर मंजूर झालेल्या पॉलिक्लिनिकांची संख्या आरंभी २२७ होती, ती पुढे ४२७ झाली. सातारा, कोल्हापूर, सोलापूर अशा मोठी छावणी नसलेल्या ठिकाणीही ती आहेत.

‘अंशदायी’ या शब्दाने थोडा गैरसमज होतो. दरवर्षी हप्ता भरावा लागत नाही, वर्गणी एकदाच. २९ डिसेंबर २०१७ पासून ती हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या पदांना ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना ती माफ आहे. पदानुसार रुग्णालयातली खोली बदलते, औषधोपचार बदलत नाहीत. खर्चाला कमाल मर्यादा नाही आणि जुन्या आजाराची अट नाही. खासगी आरोग्य विम्याशी तुलना करताना हे दोन मुद्दे सर्वांत महत्त्वाचे.

कार्डधारकाने आधी पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचे. तिथे भागले नाही, तर डॉक्टर रेफरल, म्हणजे मोठ्या रुग्णालयासाठीची चिठ्ठी, देतात आणि योजनेच्या यादीवरच्या खासगी रुग्णालयात रोख न भरता उपचार होतात. तातडीच्या वेळी जवळ असेल त्या रुग्णालयात जाता येते. ते यादीवरचे नसेल, तर दोन दिवसांत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते आणि बिल ठरलेल्या सरकारी दरानेच परत मिळते. खरी अडचण इथे सुरू होते. सरकारी दर आणि खासगी रुग्णालयाचे दर यांतली तफावत रुग्णाच्या खिशातून जाते. बिले थकली की रुग्णालये या रुग्णांना घेण्यास नाखूश होतात. पॉलिक्लिनिकातले डॉक्टर कंत्राटी असतात. औषधे हे तर जुनेच दुखणे. २०१५ मध्ये महालेखापरीक्षकांनी या योजनेवर वेगळा अहवाल दिला, त्यातही औषधांच्या तुटवड्यावर बोट ठेवले होते. दुर्गम तालुक्यातून एस.टी.ने आलेल्या म्हाताऱ्या फौजीला ‘गोळ्या पुढच्या आठवड्यात’ असे ऐकावे लागते, तेव्हा कागदावरच्या अमर्याद हक्काचे मोल त्या दिवसापुरते शून्य होते.

योजनेच्या बाहेर कोण राहतो, हा प्रश्न तितकाच मोठा आहे. तिचा पाया निवृत्तिवेतन. शिपायाला ते १५ वर्षांच्या सेवेनंतर मिळते. त्याआधी आजाराने वा दुखापतीने ‘बोर्ड आऊट’ झालेल्याला, म्हणजे वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवून घरी पाठवलेल्याला, अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी ती बाधा सेवेमुळे आली की नाही, यावर भांडावे लागे. धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावरून सरकारवर टाकले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा धडधाकट होता असेच धरायचे आणि संशयाचा फायदा त्याला द्यायचा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा इतर अकादमींत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या कॅडेटांना तर माजी सैनिक ही ओळखही नव्हती. त्यांच्यासाठी ही योजना २०२५ मध्ये खुली झाली, तीही सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर.

अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनात पुण्याचा वाटा या योजनेहून कितीतरी जुना आहे. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचे, तर खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर उपचारांच्या काळात पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक त्यांनी मिळवले.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षे सेवा करतात आणि त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. सेवेत १०० टक्के अपंगत्व आल्यास ४४ लाख रुपयांची एकरकमी मदत ठरली आहे. बाहेर पडणाऱ्यांना मात्र त्या वर्षीच्या तरतुदींनुसार निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि म्हणून पॉलिक्लिनिकचे कार्डही नाही.