ऑफ-रोड वाहनांतील इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन: पस्तीस वर्षांच्या उशिराची पार्श्वभूमी

पोलारिस कंपनीने आरझेडआर एक्सपी टर्बो या वाहनाच्या २०१८च्या मॉडेलमध्ये ‘डायनॅमिक्स’ नावाची यंत्रणा दिली. हौसेसाठी रस्ता सोडून धावणाऱ्या, शेजारी-शेजारी आसने असलेल्या ‘साइड-बाय-साइड’ वाहनांमध्ये संगणकाच्या हुकमानुसार क्षणोक्षणी कडक किंवा मऊ होणारे शॉक ॲब्सॉर्बर तेव्हापासून थेट कारखान्यातून बसवून मिळू लागले. या यंत्रणेमागचा सिद्धान्त मात्र १९७४ सालचा आहे, आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेले शॉक ॲब्सॉर्बर टोयोटाने आपल्या सोअरर मोटारीत १९८३ मध्येच बसवले होते. खाचखळग्यांशी ज्यांची रोजची गाठ असते, त्या वाहनांपर्यंत ही सोय पोहोचायला आणखी सुमारे ३५ वर्षे का लागली, हे समजून घेतल्याशिवाय तिचे आजचे रूपही नीट कळत नाही.

मूळ अडचण शॉक ॲब्सॉर्बरच्या रचनेतच आहे. स्प्रिंग वाहनाचे वजन तोलते आणि धक्का साठवून ठेवते. साठवलेली ही ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करून संपवणे, म्हणजेच डॅम्पिंग, हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम असते. नळीत भरलेले तेल पिस्टनमधल्या बारीक वाटांतून आणि लवचीक चकत्यांच्या व्हॉल्व्हमधून ढकलले जाते, तेव्हा जो विरोध निर्माण होतो तो प्रामुख्याने पिस्टनच्या वेगावर अवलंबून असतो. वाहन वळताना कलते किंवा ब्रेक लावल्यावर पुढे झुकते तेव्हा पिस्टन सावकाश सरकतो, पण चाक दगडावर आदळले की तोच पिस्टन झपाट्याने आत जातो. या दोन्ही प्रसंगांसाठी अभियंत्याला चकत्यांची एकच मांडणी निवडावी लागते. ती मऊ ठेवली तर खडकाळ वाटेवर बसणाऱ्याचे अंग शिणत नाही, पण उडी मारून खाली येताना सस्पेन्शन तळाला आपटते. कडक ठेवली तर उडी निभावते, मात्र प्रत्येक बारीकसारीक दगड पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो.

हौशी ऑफ-रोड वाहनांच्या पहिल्या पिढीसमोर हा प्रश्न उभाच राहिला नाही, कारण त्यांना सस्पेन्शनच नव्हते. हिवाळ्यात मोटरसायकलींची विक्री मंदावते म्हणून अमेरिकेतल्या विक्रेत्यांना त्या काळातही विकता येईल असे काहीतरी हवे होते, आणि त्यातून होंडाचे अभियंते ओसामू ताकेउची यांनी तीन चाकांची एटीसी ९० तयार केली. १९७० मध्ये बाजारात आलेल्या या गाडीत अगदी कमी हवा भरलेले फुगीर टायर हीच धक्के सोसण्याची सगळी व्यवस्था होती. टायर स्प्रिंगचे काम बऱ्यापैकी करतो, डॅम्पिंग मात्र जवळजवळ करत नाही. त्यामुळे वेग वाढला की गाडी चेंडूसारखी उसळू लागे. पुढे-मागे दोन्हीकडे खरे सस्पेन्शन असलेली एटीसी २५०आर १९८१ मध्ये आली, त्यानंतर सुझुकीने चारचाकी क्वाडरनर आणली, आणि १९८८ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री थांबली.

दरम्यान वाळवंटी शर्यतींच्या जगाने या अडचणीवर आपले वेगळेच उत्तर शोधले होते, आणि इलेक्ट्रॉनिक्सला उशीर होण्याचे पहिले कारण मला या उत्तरातच दिसते. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून होणाऱ्या बाहा १००० या शर्यतीत शॉक ॲब्सॉर्बरमधले तेल इतके तापते की ते पातळ होऊन विरोधच उरत नाही. त्यावर उपाय म्हणून नळ्या मोठ्या झाल्या, नायट्रोजनच्या दाबाखालची तेलाची वेगळी टाकी बाहेर जोडली गेली आणि पुढे बायपास शॉक आला. बायपास शॉकमध्ये नळीच्या मधल्या भागात तेलाला पिस्टनला वळसा घालून जाण्यासाठी जादा वाटा दिलेल्या असतात. पिस्टन त्या भागात असेतो सस्पेन्शन मऊ राहते. टोकाकडे जाताना या वाटा एकेक करून बंद होतात आणि विरोध वाढत जातो. तारा, सेन्सर किंवा बॅटरी यांपैकी काहीही न वापरता पिस्टन कुठे आहे हे ‘जाणणारी’ ही रचना विलक्षण हुशार म्हटली पाहिजे. फोर्डने २०१०च्या एफ-१५० रॅप्टर या ट्रकमध्ये फॉक्स कंपनीचे असेच अंतर्गत बायपास असलेले शॉक दिले, आणि शर्यतीतले हे तंत्र सामान्य खरेदीदाराच्या हाती आले.

तथापि, बायपास शॉकला पिस्टनची जागा कळते, वाहनाची अवस्था कळत नाही. पिस्टन मधल्या भागात असताना गाडी सरळ चालली आहे, वळणावर कलली आहे की चारही चाके हवेत आहेत, यात त्याला भेद करता येत नाही. हा भेद करण्याची गणिती रीत डीन कार्नोप, मायकेल क्रॉस्बी आणि आर. ए. हारवुड यांनी १९७४ मध्ये मांडली होती. योगायोग असा, की फॉक्स कंपनीचे संस्थापक बॉब फॉक्स यांनी मोटोक्रॉस मोटरसायकलींसाठी हवेचा शॉक बनवून आपला व्यवसाय सुरू केला तेही १९७४ हेच साल. कार्नोप आणि सहकाऱ्यांची ‘स्कायहूक’ म्हणून ओळखली जाणारी कल्पना अशी: शॉक ॲब्सॉर्बर चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये न बसवता सांगाडा आणि स्थिर आकाश यांच्यामध्ये टांगता आला असता, तर चाके खालीवर नाचली तरी सांगाडा शांत राहिला असता. आकाशात खुंटी मारता येत नाही; पण प्रत्यक्षातला शॉक ज्या क्षणी सांगाड्याची हालचाल रोखत असेल त्या क्षणी तो कडक केला, आणि ज्या क्षणी तो सांगाड्याला उलट अधिकच ढकलत असेल त्या क्षणी मऊ केला, तर परिणाम या काल्पनिक रचनेच्या बराच जवळ जातो.

या पद्धतीला अर्धसक्रिय म्हणतात, कारण ती सस्पेन्शनला बाहेरून शक्ती पुरवत नाही. तेलाची वाट किती उघडी ठेवायची एवढेच ठरवते. पूर्णतः सक्रिय पद्धतीत हायड्रॉलिक पंपाच्या जोरावर चाक प्रत्यक्ष ढकलले किंवा ओढले जाते. फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये लोटस आणि नंतर विल्यम्स यांनी ती वापरली, विल्यम्सच्या एफडब्ल्यू१४बी गाडीने १९९२चे विजेतेपद मिळवले, आणि १९९४च्या हंगामापासून तिच्यावर बंदी आली. जाहिरातींमध्ये ऑफ-रोड वाहनांच्या सस्पेन्शनलाही सर्रास ‘ॲक्टिव्ह’ म्हटले जाते. काटेकोरपणे पाहिले तर ते अर्धसक्रियच आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण छोट्या वाहनाच्या विद्युत यंत्रणेला झेपेल एवढ्याच शक्तीत ते चालते.

अर्धसक्रिय सस्पेन्शन रस्त्यावर स्थिरावत गेले. टोयोटाच्या सोअररमधील यंत्रणा मोजक्याच पातळ्यांमध्ये बदलत असे. लँड क्रूझर १०० मध्ये १९९८च्या सुमारास स्कायहूक तत्त्वावरचे डॅम्पिंग आले आणि मोठ्या फोर-बाय-फोर वाहनांना त्याचा परिचय झाला. २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये चुंबकीय क्षेत्रात घट्ट होणारे द्रव वापरणारी मॅग्नेराइड ही डेल्फायची यंत्रणा दिसली. मोटरसायकलींमध्ये बीएमडब्ल्यूने २००४च्या के१२००एसवर ईएसए ही सुविधा दिली. ती चालकाने बटण दाबल्यावर मांडणी बदलत असे, स्वतःहून नव्हे. चालत्या गाडीत स्वतः निर्णय घेणारे सस्पेन्शन मोटरसायकलींवर त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी आले, आणि डुकाटीने २०१३च्या मल्टिस्ट्राडावर त्याला ‘स्कायहूक’ हेच नाव दिले.

ऑफ-रोड वाहने या प्रवाहाबाहेर राहिली, याला बायपास शॉकखेरीज आणखीही कारणे होती. चिखल, पाणी, बारीक धूळ आणि सततची कंपने यांत टिकतील असे सेन्सर व जोडण्या त्या किमतीत बसत नव्हत्या. शिवाय गरजही तेवढी तीव्र नव्हती. २००७ मध्ये बाजारात आलेली पोलारिस आरझेडआर ८०० ही ५० इंच रुंदीच्या अरुंद जंगलवाटांसाठी बेतलेली गाडी होती, आणि तिच्या चाकांना वर-खाली जाण्यास नऊ-साडेनऊ इंचांच्या आसपासच वाव होता. चार वर्षांनी आलेल्या आरझेडआर एक्सपी ९०० मध्ये हा वाव पुढे साडेतेरा आणि मागे १४ इंच झाला, तर २०१४च्या एक्सपी १००० मध्ये तो पुढे १६ आणि मागे १८ इंचांवर गेला. त्यात टर्बोची भर पडली. चाकाला इतका वाव आणि इंजिनाला इतकी ताकद मिळाल्यावर एकच वाहन सकाळी खडकांवरून सरपटू लागले आणि दुपारी वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारू लागले. शॉकवरच्या खिट्ट्या फिरवून मांडणी बदलण्याची सोय होतीच. पण चारही चाकांशी वाकून खिट्ट्या मोजत बसण्यापेक्षा बहुतेक जण गाडी कारखान्यातून आली तशीच चालवत.

डायनॅमिक्स यंत्रणेने हे काम चालकाकडून काढून घेतले. फॉक्सच्या ‘लाइव्ह व्हॉल्व्ह’ शॉकमध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवलेला होता, आणि स्टीअरिंगचा कोन, वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर व वाहनाचे त्वरण यांची माहिती घेऊन नियंत्रक प्रत्येक शॉकला स्वतंत्र आज्ञा देत असे. हे सेकंदाला २०० वेळा घडते, असे कंपनीने सांगितले. वळणावर बाहेरच्या बाजूचे शॉक कडक होतात आणि ब्रेक लावताच पुढचे. मात्र ऑफ-रोडचा खास म्हणावा असा प्रसंग उडीचा आहे, आणि तिथे रस्त्यावरच्या मोटारींकडून फारसे काही उसने घेता येण्यासारखे नव्हते. वाहन हवेत मोकळे पडत असताना त्यावरच्या त्वरणमापकाची उभ्या दिशेची नोंद जवळजवळ शून्यावर येते. या एका खुणेवरून नियंत्रक ओळखतो की चाके जमिनीवर नाहीत, आणि जमीन लागण्याआधीच चारही शॉक कडक करून ठेवतो. रस्त्यावरच्या यंत्रणा मुख्यतः धक्का बसल्यावर प्रतिसाद देतात. इथे धक्का यायचा आहे हे आधीच कळते, ही भौतिकशास्त्राची कृपाच म्हणायची.

त्यानंतर इतरांनी फार वेळ घेतला नाही. फोर्डने २०१९च्या रॅप्टरमध्ये बायपास रचना कायम ठेवून तिच्यावर लाइव्ह व्हॉल्व्हची जोड दिली, म्हणजे जुने यांत्रिक उत्तर आणि नवे इलेक्ट्रॉनिक उत्तर एकाच नळीत नांदू लागले. होंडाने २०२० मध्ये टॅलन या साइड-बाय-साइड वाहनाच्या चार आसनी आवृत्तीत लाइव्ह व्हॉल्व्हच घेतला.

या पहिल्या फळीतील साइड-बाय-साइड यंत्रणांमध्ये एक मोठी उणीव होती. डायनॅमिक्समध्ये शॉक दाबला जातानाचा विरोधच बदलता येत असे. तो परत लांब होतानाचा, म्हणजे रिबाउंडचा विरोध हातानेच ठरवावा लागे. उडीनंतर दाबली गेलेली स्प्रिंग वाहनाचा मागचा भाग वर फेकू नये म्हणून रिबाउंड मंद हवा असतो. उलट लागोपाठ येणाऱ्या उंचवट्यांवर तो मंद ठेवला, तर चाक पूर्ण खाली येण्याआधीच पुढचा उंचवटा गाठतो आणि सस्पेन्शन दर खेपेला थोडे थोडे आखडत जाते. पोलारिसची प्रतिस्पर्धी कॅन-ॲमने आपल्या मॅव्हरिक एक्स३ या साइड-बाय-साइडच्या २०२१ मॉडेलमधील स्मार्ट-शॉक्स यंत्रणेत दाब आणि रिबाउंड दोन्ही नियंत्रणाखाली आणले, आणि २०२२च्या आरझेडआर प्रो आर या वाहनासोबत पोलारिसनेही डायनॅमिक्स डीव्ही या नावाने तीच दिशा धरली.

यातल्या कोणत्याही यंत्रणेने स्प्रिंगला मात्र हात लावलेला नाही. वाहनात माणसे आणि सामान वाढले तर ते तितकेच खाली बसते, आणि त्यासाठी स्प्रिंगचा ताण आजही पान्यानेच वाढवावा लागतो. ही यंत्रणा अजून प्रामुख्याने महागड्या आवृत्त्यांपुरतीच आहे. त्याच वाहनांच्या स्वस्त आवृत्त्या खिट्ट्यांचे शॉक घेऊनच विकल्या जातात.