घुबडाचे डोळे आणि भातशेतातले त्याचे भाऊबंद

उलटा धरला की थेट घुबडाचा चेहरा दिसतो, असा एका मोठ्या तपकिरी फुलपाखराचा फोटो बहुतेकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधी ना कधी येऊन गेलेला असतो. फुलपाखरू खरे असते. चेहरा मात्र टाचणीची करामत. कॅलिगो वंशातली ही फुलपाखरे, म्हणजे आउल बटरफ्लाय, पंख मिटून बसतात. त्यांचे मोठे डोळे, म्हणजे डोळ्यांसारखे गोल ठिपके, पंखांच्या खालच्या अंगाला असतात. पंख मिटले की हेच अंग बाहेर येते, आणि डावा डोळा डावीकडे, उजवा उजवीकडे राहतो. जंगलातल्या पक्ष्याला एका वेळी एकच डोळा दिसायचा. दोन्ही एकदम पाहायचे तर फुलपाखरू मेलेले हवे, पंख ताणून पेटीत टोचलेले हवे आणि तेही पालथे. एका बाजूने पाहणाऱ्याला ते घुबड वाटत नसून झाडावरच्या बेडकाचे किंवा सरड्याचे डोके वाटत असावे, असेही काही अभ्यासकांनी सुचवले आहे.

कॅलिगो आपल्याकडचे नव्हे. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या जंगलांपर्यंत त्याचा वावर. मोठ्या जातींचे पंख पसरले की बारा-पंधरा सेंटिमीटर भरतात. उडायची वेळ दिवेलागणीची, खाणे कुजक्या फळांचा रस, आणि अळ्यांना केळीची पाने प्रिय. मध्य अमेरिकेतले केळीचे बागायतदार या सुंदर प्राण्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, हे गोव्यातल्या केळी-पोफळीच्या कुळागरवाल्यांना वेगळे सांगायला नको.

कॅलिगो आणि निळ्या पंखांसाठी गाजलेले मॉर्फो फुलपाखरू ही दोन्ही पूर्वी वेगवेगळ्या कुळांत धरत. आता ती सॅटायरिनी या एकाच उपकुळात येतात, आणि त्याच उपकुळात आपल्या परसातली तपकिरी फुलपाखरेही आहेत. नात्याने सर्वांत जवळचा म्हणाल तर पश्चिम घाटातला सदर्न डफर. मोठा, गडद तपकिरी, संध्याकाळी बाहेर पडणारा, अळीपणी बांबूवर वाढणारा. पण तो सहसा दृष्टीस पडत नाही. रोज भेटणारा नातलग म्हणजे कॉमन ईव्हनिंग ब्राऊन.

याला तुम्ही पाहिलेले आहे, फक्त नाव विचारलेले नाही. पावसाळ्यात तिन्हीसांजेला दिवा लागला की काहीतरी तपकिरी फडफडत घरात शिरते, भिंतीला आपटते, पडद्यावर बसते. पतंग समजून आपण त्याला झाडूने बाहेर काढतो. पुढच्या वेळी झाडू बाजूला ठेवून जवळ जा. मिटलेल्या पंखांवर बारीक तपकिरी रेघांची वीण दिसेल आणि कडेने ओळीत गोल ठिपके. प्रत्येक ठिपक्यात मधोमध पांढरा कण, त्याभोवती काळे, त्याभोवती पिवळसर कडे. कॅलिगोचा डोळा लहान करून कडेला मांडावा तसे. पंखाच्या कडेचा एखादा त्रिकोणी तुकडा गेलेला असेल तर नीट पाहा: पलीकडच्या पंखालाही तशीच खाच असेल, तर बसलेले असताना, पंख मिटलेले असताना कुणीतरी चोच मारली आणि पंखाच्या चिमटीएवढ्या तुकड्यावर समाधान मानून गेले.

लहान डोळ्यांचे काम नेमके हेच. चोचीचा घाव डोक्यावर किंवा पोटावर न पडता पंखाच्या कडेवर पडावा. पंखाचा तुकडा गेला तरी फुलपाखरू उडते, अंडी घालते.

मोठ्या डोळ्यांचे काम वेगळे: शत्रूला दचकवायचे. युरोपातल्या पीकॉक बटरफ्लायवर स्वीडनच्या संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत स्वच्छ वाटतो. ब्लू टिट नावाच्या छोट्या पक्ष्यांसमोर फुलपाखरे सोडली. काहींचे डोळे जसेच्या तसे, काहींचे रंगाने झाकलेले. डोळे शाबूत असलेल्या 34 पैकी एकच मारले गेले. डोळे झाकलेल्या 20 पैकी 13 गेली.

मग पक्षी नेमके घाबरतात कशाला? डोळ्याला, की नुसत्या ठसठशीत नक्षीला? मार्टिन स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये कागदी फुलपाखरांवर गोल, चौकोन, पट्टे असे प्रकार छापून पाहिले. त्यांचे म्हणणे पडले की नक्षी भडक असणे महत्त्वाचे, डोळ्यासारखी असणे नव्हे. 2015 मध्ये फिनलंडमधल्या गटाने ग्रेट टिट पक्ष्यांना पडद्यावर कॅलिगोचे चित्र दाखवले, आणि निकाल उलटा आला. तितक्याच ठळक पण डोळ्यासारख्या नसलेल्या नक्षीपेक्षा कॅलिगोच्या डोळ्यांना पक्षी जास्त बिचकले, जवळजवळ खऱ्या घुबडाच्या चित्राला बिचकतात तेवढेच. माझ्या मते भांडणाचे कारण प्रश्नातच आहे. एका प्रयोगात कागदाचा स्थिर तुकडा, दुसऱ्यात समोर अचानक उघडलेले दोन डोळे. सगळ्या डोळ्यांना एकच उत्तर असेल, असे मानायचे कारणच काय?

आपल्या ईव्हनिंग ब्राऊनकडे तर हंगामानुसार दोन वेश आहेत. पावसाळ्यात ठिपके ठळक. पावसाळा सरल्यावरच्या कोरड्या महिन्यांतल्या पिढीत ते आक्रसून बिंदूएवढे होतात, पुढच्या पंखाचे टोक अधिक कोनदार होते आणि सगळे अंग वाळक्या पानाच्या रंगाचे. तेही एकसारखे नाही. एक लालसर, दुसरे राखाडी, तिसऱ्यावर काळे डाग. पाचोळ्यात दोन पाने तरी कुठे सारखी असतात! या काळात ते पाचोळ्यात गप्प बसून राहते, अगदी पायाजवळ आल्यावर उठते आणि चार हातांवर पुन्हा नाहीसे होते.

असाच वेशपालट बायसायक्लस या आफ्रिकी वंशात आहे, आणि आपल्याकडची बुशब्राऊन फुलपाखरे त्याच्या जवळच्या नात्यातली. पॉल ब्रेकफील्ड आणि सहकाऱ्यांनी बायसायक्लसवर दाखवले की अळी वाढताना हवा उबदार असेल तर मोठ्या डोळ्यांचे फुलपाखरू निघते, गार असेल तर लहान डोळ्यांचे. शरीरातल्या संप्रेरकाची वेळ बदलते आणि त्यावरून डोळ्याचा आकार ठरतो. 2015 च्या एका अभ्यासात प्रार्थना कीटक समोर ठेवले, तेव्हा मोठ्या डोळ्यांच्या फुलपाखरांवरचे वार पंखाच्या कडेवर वळले. पावसाळ्यात असे किडेखाऊ किडे भरपूर असतात. कोरड्या दिवसांत धोका पक्ष्यांचा जास्त, तेव्हा दिसूच नये हे बरे.

डोळा घडतो कोषात. पंख खवल्यांनी झाकलेला असतो, कौलारू छपरासारखा एकावर एक, आणि प्रत्येक खवल्याचा रंग एकच. डोळ्याच्या मध्यावरच्या थोड्या पेशी आजूबाजूला संदेश पाठवतात. जवळच्या खवल्यांना एक रंग, लांबच्यांना दुसरा. फ्रेड नायहाउट यांनी 1980 मध्ये अमेरिकेतल्या बकआय फुलपाखराच्या कोषात या मधल्या पेशी जाळल्या तर डोळा उमटला नाही; उचलून पंखावर दुसरीकडे लावल्या तर तिथे डोळा उगवला. 1994 मध्ये कळले की या मध्यावर डिस्टल-लेस नावाचे जनुक चालू असते, आणि एरवी त्याचे काम पाय घडवण्याचे. पाय आणि मिशा घडवणारी जनुकांची जुळणीच पंखावर नव्या कामाला लागली, असे 2022 च्या संशोधनातून पुढे आले. निसर्गाने नवे हत्यार न घडवता जुनेच दुसऱ्या खिळ्यावर चालवले.

बकआयची सख्खी बहीण गोव्यात आहे: पीकॉक पॅन्सी. भाताच्या बांधावर, ओलसर गवतात उन्हात पंख उघडून बसलेली नारिंगी फुलपाखरे पाहा. मागच्या पंखांवर एकेक मोठा डोळा, वरच्या अंगाला. पंख मिटले की हे डोळे झाकले जातात, उघडले की एकदम समोर. हिचेही कोरड्या हंगामातले खालचे अंग पानासारखे होते.

ईव्हनिंग ब्राऊनची अळी शोधायची तर भाताच्या पात्यावरच शोधा. हिरवी, लांबट, डोक्यावर दोन शिंगे. पीक फस्त करण्याइतकी तिची संख्या सहसा वाढत नाही. पूर्ण वाढलेले फुलपाखरू बोलावायचे तर मात्र फुलझाडांचा फारसा उपयोग नाही, फुलांकडे ते क्वचितच फिरकते. झाडाखाली पडून आंबलेला फणस, पिकून फुटलेली केळी, काजूच्या हंगामात खाली सडलेले बोंडू, यांतले काहीतरी परसाच्या कोपऱ्यात तसेच राहू द्या आणि सूर्य मावळल्यावर टॉर्च घेऊन जा.