जेम्स टरेल: जिथे भिंतच नाही तिथे लोक टेकायला जातात

१९८० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये एक बाई भिंतीला टेकायला गेल्या आणि धाडकन पडल्या, कारण तिथे भिंत नव्हतीच, नुसता उजेड होता. हात फ्रॅक्चर, मग कोर्टकचेरी. प्रदर्शन होतं जेम्स टरेल यांचं, उजेडातूनच कला घडवणारे हे अमेरिकन आर्टिस्ट. जन्म १९४३, लॉस एंजेलिसचा, आणि हा माणूस कॉलेजात पर्सेप्च्युअल सायकॉलॉजी शिकलाय, म्हणजे डोळे आणि मेंदू मिळून आपल्याला जग कसं 'दाखवतात' ते. पुढे १९६८-६९ च्या सुमाराला रॉबर्ट अर्विन हे आर्टिस्ट आणि एड वॉर्ट्झ हे सायकॉलॉजिस्ट यांच्यासोबत प्रयोगही केले.

त्यांच्या काही खोल्यांना गान्झफेल्ड म्हणतात. कोपरे गोल केलेले, सगळीकडे एकसारखा रंगीत उजेड, सावली नाही, कड नाही, त्यामुळे समोरची भिंत दोन फुटांवर आहे का वीस, काही म्हणजे काही कळत नाही. कारण आपल्या रेटिनातल्या (डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या) पेशींना फरक लागतो, इथे उजेड तिथे अंधार असं काहीतरी. डोळे स्थिर वाटले तरी सारखे बारीक थरथरत असतात, म्हणून कडा रेटिनावर सरकत राहतात आणि मेंदूकडे सिग्नल जात राहतो, पण कडच नसेल तर थरथरून उपयोग काय, सगळीकडे तेच! मग हळूहळू रंगच उडतो आणि करडं दिसायला लागतं.

घरी करून बघायचं तर पिंगपाँगचा बॉल मधोमध कापा (कडा घासून घ्या हं, डोळ्याचा मामला आहे), दोन अर्धे डोळ्यांवर ठेवा, समोर लाल दिवा लावा आणि पापण्या उघड्या ठेवून बसा. काही मिनिटांत लाल रंग विझत जातो, काही जणांना तर नसलेले आकारही दिसतात. वोल्फगांग मेट्झगर या जर्मन सायकॉलॉजिस्टने १९३० च्या दशकातच यावर काम केलं होतं. इन्स्टावर टरेलच्या खोल्यांचे फोटो भारी दिसतात खरे, पण फोटोला चौकट आली म्हणजे कड आली, मग राहिलं काय?

दुसरा प्रकार स्कायस्पेस. छताला मोठं भोक, त्याची कड इतकी पातळ की छताची जाडी दिसतच नाही, आणि आकाश छतालाच चिकटवल्यासारखं वाटतं. संध्याकाळी आतल्या एलईडीने छताचा रंग बदलत नेतात आणि वरचं आकाशही बदलतं! छत नारिंगी केलं की आकाश गडद निळं, छत हिरवं केलं की तेच आकाश गुलाबीकडे झुकतं. आकाशाला कोणी हातही लावलेला नसतो, मेंदू रंग ठरवताना आजूबाजूशी तुलना करतो त्याचा हा परिणाम.

टरेल पायलटही आहेत. विमानातून फिरताना ॲरिझोनात एक विझलेला ज्वालामुखी हेरला, रोडेन क्रेटर, १९७० च्या दशकात तो विकतच घेतला, आणि त्याच्या आत बोगदे, खोल्या बांधायचं काम कित्येक दशकं चाललंय. मला विचाराल तर त्या अख्ख्या डोंगरापेक्षा ती गान्झफेल्डची रिकामी खोलीच जास्त भारी, खर्चाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी.