सगळं समजून घेणारा श्रोता

जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. फरक फक्त मधल्या ‘आ’च्या लांबीचा. मराठी कानाला तो चटकन पकडता येत नाही. आपल्या बोलण्यात स्वर लांबवल्याने सहसा अर्थ बदलत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा जाच काय तो शुद्धलेखनात. उलट जर्मन ‘त्साइट’मधला पहिला ध्वनी आपल्याला आयता मिळतो, कारण ‘चमचा’तला ‘च’ तोच आहे.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात जर्मन, रशियन, जपानी शिकता येतं. अडचण तासानंतरची. वर्गात वीस जण असले तर तासाभरात एकेकाच्या वाट्याला फार तर तीन मिनिटं बोलणं येतं, आणि बाहेर पडल्यावर रंकाळ्यावर काही कुणी रशियन बोलत भेटत नाही. त्यामुळे फोनवर कृत्रिम बुद्धिमत्तेशी गप्पा मारायची सोय मोलाची आहे. रात्री अकराला बोला, दहादा अडखळा, ती कंटाळत नाही आणि हसतही नाही. (घरातली भावंडं हसतात.)

पण हा श्रोता फार समजूतदार आहे, आणि गोम तिथंच आहे.

आवाज ओळखणारी प्रणाली नुसत्या ध्वनीवर विसंबत नाही. या वाक्यात कुठला शब्द शोभेल, याचाही अंदाज ती त्यात मिसळते. २०२२ साली आलेलं ‘व्हिस्पर’ हे मॉडेल ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेलं आहे. गोंगाट असो, उच्चार कसेही असोत, बोलणं कागदावर उतरलं पाहिजे, एवढंच त्याचं काम. म्हणून जपानीत नव्वदीतल्या आजीबद्दल सांगताना तुम्ही तो ‘आ’ आखूड म्हटलात, तरी ते बिनबोभाट ‘आजी’ लिहून मोकळं होऊ शकतं. चूक झाली, पण कुणालाच कळली नाही. तालमीत समोरचा गडी आपणहून पाठ टेकायला लागला, तर डाव बसला की नाही हे कळणार कसं?

उच्चार तपासायची रीत निराळी असते. तिथं म्हणायचं वाक्य आधीच ठरलेलं असतं. यंत्र तुमचा आवाज त्यातल्या एकेका ध्वनीवर बसवतं आणि प्रत्येक तुकडा अपेक्षेशी कितपत जुळला याचे गुण देतं. विट आणि यंग या संशोधकांनी २००० साली मांडलेलं गणित यात गाजलं. ॲप यातलं नेमकं काय करतं, हे आधी विचारून घ्यावं.

लेखनात यंत्राची मदत मला जास्त धोक्याची वाटते. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या मुलांना ऐकलेलं-वाचलेलं छान समजायचं, बोलणं-लिहिणं मात्र मागे राहायचं. मेरिल स्वेन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी १९८५ साली त्यावरून मांडलं, की भाषा यायला ती स्वतः वापरावी लागते. वाक्य जुळवताना अडलो की आपल्याला काय येत नाही ते ध्यानात येतं. निबंध यंत्रानंच लिहिला की हे अडणंच संपतं.

शिक्षकांनी मुलांना गप्पांचं ध्वनिमुद्रण आणि यंत्रानं उतरवलेला मजकूर, दोन्ही वर्गात आणायला सांगावं. कागद शुद्ध आणि आवाज चुकलेला, असं जिथं दिसेल तिथून तास सुरू करावा. मग तेच शब्द सुटे, मागचंपुढचं वाक्य न देता यंत्राला ऐकवावेत. संदर्भ काढून घेतला की त्याचाही गोंधळ उडतो, तो मुलांना बघू द्यावा.