फोन म्हातारा कशानं होतो?

फोन वाजतो, पण स्क्रीन काळीच. रिंगटोन ऐकू येते, तळहाताला कंपन जाणवतं, आणि कोणाचा फोन आहे ते दिसेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. हिरवं बटण उगवतं तोवर पलीकडच्यानं कंटाळून ठेवून दिलेलं असतं. माझ्या आधीच्या फोननं शेवटचं वर्षभर हा खेळ रोज दाखवला. कागदावर तो चांगला तगडा होता. आठ कोअरचा प्रोसेसर, भरपूर रॅम, मागे चार कॅमेरे. घेताना हे आकडे मी तोंडपाठ केले होते. या फोनच्या सॉफ्टवेअरकडे कोण बघणार आणि किती वर्षं, हे मात्र मी विचारलं नाही. विक्रेत्यानंही आपणहून सांगितलं नाही.

फोन ‘अडखळतो’ म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहू. स्क्रीनवरची यादी बोटाबरोबर सरकते, तेव्हा प्रत्यक्षात काहीच सरकत नसतं. एकामागून एक स्थिर चित्रं दाखवली जात असतात. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला ६०, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद. १२० हर्ट्झची स्क्रीन असेल तर जेमतेम ८.३. एवढ्या वेळात बोट कुठे आहे ते ओळखायचं, यादी किती सरकली ते अ‍ॅपनं ठरवायचं, मजकूर आणि फोटो जागच्या जागी मांडायचे आणि ग्राफिक्स चिपनं ते रंगवून द्यायचं. एक मिलिसेकंद जरी उशीर झाला तरी ती फेरी हुकते. मग स्क्रीन जुनंच चित्र पुन्हा दाखवते आणि डोळ्याला झटका जाणवतो. इथे सरासरीला काही अर्थ नाही. सेकंदाभरातली ५७ चित्रं वेळेवर आली आणि तीन ओळीनं हुकली, तर लक्षात राहतात ती तीनच.

हा उशीर नेहमी प्रोसेसर कमजोर असल्यामुळे होतो असं नाही. पुष्कळदा अ‍ॅप लिहिणाऱ्यानं चुकीचं काम चुकीच्या जागी ठेवलेलं असतं. स्क्रीन रंगवण्याची जबाबदारी असलेल्या ‘मेन थ्रेड’लाच एखादी फाइल वाचायला बसवलं, की ती वाचून होईपर्यंत सगळं चित्र गोठतं. चिप कितीही वेगवान असली तरी ती त्या फाइलची वाट बघत थांबणार. २०१२ साली अँड्रॉइड ४.१ मध्ये गूगलनं ‘प्रोजेक्ट बटर’ नावाची मोहीम हाती घेतली होती. लोण्यासारखं मऊ चालावं म्हणून हे नाव. चित्रं तयार करण्याचं वेळापत्रक स्क्रीनच्या ठोक्याशी जुळवलं, एक चित्र दाखवलं जात असताना पुढची तयार ठेवण्यासाठी जास्तीची जागा दिली, आणि बोट टेकताक्षणी प्रोसेसरनं वेग घ्यावा अशी सोय केली. गॅलेक्सी नेक्सससारखे आधीच विकले गेलेले फोन या अपडेटनं सुळसुळीत झाले. आतला एक स्क्रूही बदलला नव्हता.

त्याहून बोलकं उदाहरण २०१८ चं. अ‍ॅपलनं आयओएस १२ ही आयफोनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणताना जुन्या फोनचा वेग हाच मुख्य विषय केला. २०१४ च्या आयफोन ६ प्लसवर अ‍ॅप ४० टक्क्यांपर्यंत आणि कीबोर्ड ५० टक्क्यांपर्यंत लवकर उघडेल, असा कंपनीचा दावा होता. जाहिरातीचे आकडे जरा हातचं राखूनच घ्यावेत, पण त्यामागची युक्ती खरोखर हुशार होती. बॅटरी वाचावी म्हणून प्रोसेसर एरवी संथ धावतो आणि काम आलं की वेग वाढवतो. पूर्वी तो पायरी-पायरीनं वर चढायचा, आणि शिखरावर पोचेपर्यंत काम अर्धं उरकलेलं असायचं. आता काम येताच एकदम वरचा वेग घ्यायचा आणि ते झालं की लगेच खाली यायचं. वेळ वाचतो आणि बॅटरीवरही फारसा भार पडत नाही.

‘कंपन्या अपडेट देऊन जुने फोन मुद्दाम संथ करतात,’ हे वाक्य प्रत्येकानं कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ते निव्वळ खोटं नाही, पण दिसतं तसं सरळही नाही. लिथियम-आयन बॅटरी जसजशी वापरली जाते तसतसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो. अशा बॅटरीकडून प्रोसेसरनं अचानक जास्त वीज मागितली की व्होल्टेज धाडकन पडतं आणि टक्केवारी ३० दिसत असतानाही फोन बंद होतो. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या आयओएस १०.२.१ मध्ये अ‍ॅपलनं यावर उपाय केला. बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वरचा वेगच छाटायचा. फोन बंद पडणं कमी झालं, पण संथपणा वाढला, आणि असं का झालं ते वापरणाऱ्याला कोणी स्पष्टपणे सांगितलं नाही. त्या डिसेंबरात गीकबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचे कर्ते जॉन पूल यांनी जुन्या आयफोनच्या वेगाचे आलेख प्रसिद्ध केले आणि बोभाटा झाला. अ‍ॅपलनं कबुली दिली, स्वस्तात बॅटरी बदलून दिली आणि सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत दिसायची सोय केली. २०२० मध्ये फ्रान्सनं कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला. तो वेग छाटल्याबद्दल नव्हता, ग्राहकांना त्याची कल्पना न दिल्याबद्दल होता. माझ्या मते हाच न्याय बरोबर. अभियंत्यांनी उपाय योग्य शोधला होता, घोळ घातला तो गप्प बसणाऱ्यांनी.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. फोनचं स्टोरेज काठोकाठ भरलं की तो मंदावतो, कारण फ्लॅश मेमरीत लिहिता येतं छोट्या तुकड्यांत, पण पुसावं लागतं मोठ्या ठोकळ्यांत. रिकामी जागा नसेल तर एक ओळ लिहिण्यासाठीसुद्धा आधी बाकीचा पसारा इकडून तिकडे हलवावा लागतो. थोडी जागा मोकळी ठेवा. आणि मोठं अपडेट आलं की दुसऱ्या दिवशी लगेच ‘फोन बिघडवला’ म्हणून ओरडू नका. नव्या प्रणालीसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमसाठी) अ‍ॅप नव्यानं घडवून घेणं, फोटोंची यादी पुन्हा लावणं अशी कामं मागे चालू असतात, त्यानं फोन तापतो. दोन-तीन दिवसांनंतरही तापत असेल तर मात्र खुशाल ओरडा.

आता मूळ प्रश्न. अपडेट बंद का होतात? सॉफ्टवेअर लिहायचं आणि पाठवून द्यायचं, एवढंच तर आहे. पण अँड्रॉइड फोनचं अपडेट एका हातून येत नाही. गूगल मूळ प्रणाली देतं. चिप बनवणारा ‘ड्रायव्हर’ देतो, म्हणजे कॅमेरा, ग्राफिक्स आणि नेटवर्कशी जोडणारा मोडेम चालवणारं सॉफ्टवेअर. फोन कंपनी त्यावर आपला साज चढवते. काही देशांत मोबाइल सेवा कंपनीही मध्ये उभी असते. या साखळीत चिपवाल्यानं हात वर केले की पुढच्यांची पंचाईत होते, कारण नव्या प्रणालीला जुळणारे ड्रायव्हर दुसरं कोणी सहजी लिहू शकत नाही. चिपवाल्याचं उत्पन्न नव्या चिपच्या विक्रीतून येतं, चार वर्षं जुन्या चिपवर माणसं बसवून नाही. म्हणजे फोन ठणठणीत असतो, चिपही ठणठणीत असते, तिच्यावर काम करणारी माणसं तेवढी दुसऱ्या टेबलावर गेलेली असतात.

फेअरफोन या छोट्या डच कंपनीनं हे प्रत्यक्ष भोगलं. तिच्या २०१५ च्या फेअरफोन २ मध्ये क्वालकॉम या चिप कंपनीची स्नॅपड्रॅगन ८०१ चिप होती, आणि क्वालकॉमनं त्या चिपला अँड्रॉइड ७ साठी पाठिंबाच दिला नाही. कंपनीनं हार न मानता ते काम स्वतः अंगावर घेतलं आणि रडतखडत का होईना, अँड्रॉइड १० पर्यंत मजल मारली. मार्च २०२३ मध्ये त्या फोनचा पाठिंबा थांबला, तोवर सात वर्षं उलटून गेली होती. पुढे फेअरफोन ५ साठी त्यांनी सरळ उद्योगांतल्या यंत्रांकरता बनवलेली चिप निवडली. तिच्या वेगाची बढाई मारता येत नव्हती, पण तिला अपडेट जास्त वर्षं मिळणार होती.

गूगललाही हे दुखणं कळत होतंच. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आला. चिपवाल्याचा भाग आणि मूळ प्रणाली यांच्यामध्ये त्यानं एक ठरलेली हद्द आखली, म्हणजे एक बदलताना दुसऱ्याला हात लावायला नको. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग अ‍ॅपसारखे थेट प्ले स्टोअरमार्गे बदलता येऊ लागले. अशा पायाभरणीनंतरच मोठी आश्वासनं देणं शक्य झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांच्या अपडेटचा शब्द मिळाला. जून २०२५ पासून युरोपीय संघात तर नियमच आहे. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं त्याला अपडेट मिळालं पाहिजे. पाच वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजायची नाहीत, विक्री थांबल्यापासून मोजायची. या एका शब्दाच्या फरकात खूप काही आहे.

अपडेट बंद झालं म्हणून फोन दुसऱ्या दिवशी मरत नाही, त्यामुळे त्याचं गांभीर्य कळत नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागात ‘स्टेजफ्राइट’ नावानं गाजलेली भोकं सापडली. खास बनवलेला एक एमएमएस आला की तो उघडण्याआधीच फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. गूगलनं दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली ती त्यानंतरच. अशी भोकं अजूनही सापडतात. फरक इतकाच, की अपडेट मिळणाऱ्या फोनमध्ये ती बुजवली जातात आणि न मिळणाऱ्यात तशीच राहतात, शिवाय आता ती कुठे आहेत हे जगजाहीर झालेलं असतं.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र प्रमाणपत्रांची. कुलपाचं चिन्ह असलेली वेबसाइट उघडताना फोन तिचं ओळखपत्र तपासतो, आणि ते खरं मानायचं की नाही हे आत साठवलेल्या विश्वासू संस्थांच्या यादीवरून ठरवतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था कोट्यवधी वेबसाइटना अशी ओळखपत्रं फुकट देते. सुरुवातीला तिला स्वतःला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून ती एका जुन्या संस्थेच्या नावाचा आधार घेऊन चालत होती. त्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपणार होती. लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं नाव अँड्रॉइडच्या यादीत आलं ते ७.१.१ मध्ये. २०२० मध्ये जगातल्या सुमारे एक तृतीयांश अँड्रॉइड फोनांत त्याआधीची आवृत्ती होती. यादीत एक नाव कमी, एवढंच निमित्त, आणि चालते फोन असंख्य वेबसाइटना मुकणार होते.

सुटका झाली ती एका ढिलाईमुळे. अँड्रॉइड आपल्या यादीतल्या मूळ प्रमाणपत्रांची मुदत संपली की नाही हे तपासतच नाही. म्हणून त्या जुन्या संस्थेकडून मुदतीपलीकडे चालणारी एक सही घेतली गेली आणि जुन्या फोनांना तीन वर्षांचं जीवदान मिळालं. २०२४ मध्ये तेही सरलं.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा खणातला तो जुना फोन काढून चार्जिंगला लावला. वीस मिनिटांनी तो जागा झाला. बाहेरून अजूनही नवाकोरा दिसतो, एक ओरखडा नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहिली. मी तो घेतल्यानंतर सोळा महिन्यांची होती. खालचं ‘अपडेट तपासा’ हे बटण दाबलं. चक्र बराच वेळ फिरत राहिलं, मधेच अडखळलं, आणि मग हिरव्या खुणेसह उत्तर आलं: तुमचा फोन अद्ययावत आहे.