गस्तीवरच्या शिपायाचे प्रशिक्षण : 26/11 च्या आधी आणि नंतर

112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन लागला की दारात पोलिसांची मोटारसायकल किंवा बोलेरो येते. तिच्यावरच्या शिपायाला संकटाच्या वेळी काय करायचे हे कितपत शिकवलेले असते, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रत्येक मोठ्या घटनेनंतर उठतो आणि काही महिन्यांत विरतो. त्याचे मूळ ब्रिटिश काळातल्या व्यवस्थेत आहे. 1902-03 मध्ये नेमलेल्या आयोगाने देशभरच्या पोलिसांवर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर मुंबई इलाख्यात 1906 साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला प्रशिक्षण शाळा निघाली, ती 1909 मध्ये नाशिकला गेली आणि तिथे फौजदार घडू लागले. शिपायाच्या वाट्याला मुख्यतः कवायत आली. पुढे त्याच्यासाठी खंडाळा, जालना, अकोला, नागपूर अशी केंद्रे झाली, 1973 मध्ये केंद्राच्या समितीने कवायतीपलीकडे जाण्याचा आग्रह धरला, अभ्यासक्रमात कायदा आणि लोकांशी वागणूक वाढली. तरी नऊ महिन्यांचे मूळ प्रशिक्षण आणि त्यानंतर थेट ठाण्याची हजेरी, हा क्रम कायम राहिला.

या क्रमाची खरी परीक्षा 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री झाली. त्या रात्रीचा तपशील सर्वांना ठाऊक आहे. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यातला गिरगाव चौपाटीचा प्रसंग बारकाईने पाहायला हवा.

कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत तीन वरिष्ठ अधिकारी आणि त्यांच्यासोबतच्या पोलिसांवर गोळीबार करून दोन अतिरेकी पोलिसांचीच क्वालिस घेऊन निघाले. गाडीत मागे एक जखमी शिपाई सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली पडून होता. दोघे ती गाडी सोडून गेल्यावर त्याने वायरलेसवरून कळवले. तोवर त्यांनी एक स्कोडा पळवली होती. तिचे वर्णन नियंत्रण कक्षातून नाकाबंदीवरच्या पथकांना गेले. चौपाटीवर बॅरिकेड लागलेले होते. पोलिसांच्या हातात मोजकी शस्त्रे होती, बाकी लाठ्या. स्कोडा अडवल्यावर चालकाला हेडलाइट बंद करून आतला दिवा लावायला सांगण्यात आले, त्याने उलट काचेवर पाणी मारून वायपर सुरू केले. चकमकीत एक अतिरेकी मारला गेला. दुसऱ्याच्या बंदुकीची नळी एका सहायक फौजदाराने दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहापैकी एकच अतिरेकी जिवंत हाती लागला, तो इथे.

शौर्याचे मोल वेगळेच आहे. पण त्याआधी जे झाले ती साधी नाकाबंदी होती: बॅरिकेड, गाडीचे वर्णन, दिवे बंद करायला लावणे, दोन्ही बाजूंनी गाडीजवळ जाणे. मुंबईतल्या शिपायाच्या हे अंगवळणी पडलेले असते, म्हणून अनपेक्षित क्षणीही ते बिनचूक घडले. ज्याचा सराव नव्हता तिथे चित्र वेगळे होते. संकटकाळी कोणत्या अधिकाऱ्याने कुठे थांबून सूत्रे हलवायची याची लेखी कार्यपद्धती होती, ती त्या रात्री पाळली गेली नाही. सरकारने नेमलेल्या द्विसदस्य समितीने 2009 मध्ये दिलेल्या अहवालात हे नोंदवले. शहराच्या शीघ्र प्रतिसाद पथकाचा गोळीबाराचा सराव दारूगोळ्याअभावी सप्टेंबर 2007 पासून झालाच नव्हता, हेही त्यात आले. विशेष पथकाची ही स्थिती होती, तर ठाण्यातल्या, थ्री-नॉट-थ्री ही जुनी रायफल वापरणाऱ्यांची काय असेल, याचा अंदाज करता येतो.

त्यानंतरचा वाद आजही मिटलेला नाही. सर्वात आधी पोहोचलेल्या पोलिसांनी घेराबंदी करून थांबायचे, की मिळतील तेवढ्या माणसांनिशी आत शिरायचे? ताजमध्ये एक उपायुक्त मोजक्या सहकाऱ्यांसह आत गेले, सीसीटीव्ही कक्षापर्यंत पोहोचले, अतिरेकी कोणत्या मजल्यावर आहेत हे पडद्यावर पाहून कुमक मागत राहिले. केंद्राचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून येईपर्यंत सकाळ झाली होती. थांबण्याच्या बाजूने सबळ कारण दिले जाते: एके-47 समोर पिस्तूल आणि लाठी घेऊन जाणे म्हणजे माणसे गमावणे. आत शिरण्याच्या बाजूचे म्हणतात, मारेकऱ्याला ओलीस धरून वाटाघाटी करायच्या नसतात, त्याला फक्त माणसे मारायची असतात, तेव्हा प्रत्येक मिनिट त्याच्या पदरात पडते.

अमेरिकेत हा प्रश्न एप्रिल 1999 मध्ये कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर ऐरणीवर आला. तोवर तिथेही गस्तीवरच्यांनी घेरा घालायचा आणि सशस्त्र पथकाची वाट पाहायची, अशीच शिकवण होती. ती बदलली आणि पहिल्यांदा पोहोचलेल्यांनी आत जायचे हा पाठ साध्या पोलिसांना देण्यात आला. तरीही मे 2022 मध्ये टेक्सासमधल्या उवाल्डीच्या शाळेत पोलीस सव्वा तासाहून अधिक काळ वर्गाबाहेर थांबले. 19 मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पाठ एकदा देऊन भागत नाही, त्याची सतत उजळणी लागते, आणि आत जाण्याचा निर्णय कोण घेणार हे आधी ठरलेले असावे लागते.

महाराष्ट्राने मुख्य भर विशेष पथकांवर दिला. 2009 अखेर राज्याचे स्वतंत्र कमांडो दल उभे राहिले, शीघ्र प्रतिसाद पथकांना नवी शस्त्रे, जॅकेटे, वाहने मिळाली, केंद्रानेही मुंबईत आपल्या कमांडोंचे ठाणे दिले. हे आवश्यकच होते. पण कमांडो कितीही जवळ असले तरी पहिली दहा-पंधरा मिनिटे बीट मार्शलची, म्हणजे ठाण्याच्या हद्दीत गस्त घालणाऱ्या शिपायाचीच असतात. त्याच्या वाट्याला आले ते मॉक ड्रिल, आणि तेही बहुधा त्याने बंदोबस्ताच्या कड्यात उभे राहण्यापुरते. विशेष पथकांचा गाजावाजा झाला, बीटवरच्या शिपायाचा झाला नाही. हा निर्णय माझ्या मते अपुरा होता.

112 मुळे गस्तीचे स्वरूप मात्र बदलले. फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, ठिकाण कळते, जवळच्या गाडीतल्या यंत्रावर काम येते. शिपायाने ते स्वीकारायचे, पोहोचल्याची नोंद करायची, काय केले ते भरायचे. त्यामुळे किती वेळात पोहोचलो याचा हिशेब लागू लागला. पोहोचल्यावर काय केले, याचा तसा हिशेब लागत नाही. कौटुंबिक तंट्यात नवरा-बायकोला आधी वेगळे कसे करायचे, अपघातातल्या जखमीची मान कशी धरायची, हृदय थांबले तर छाती कशी दाबायची, हे यंत्र शिकवत नाही.

त्यासाठी वेळ हवा, आणि घोडे तिथेच अडते. गणेशोत्सव, निवडणुका, मोर्चे, व्हीआयपी दौरे यांत बीटवरची माणसे आधी उचलली जातात. 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, त्याचा आराखडा एका शिपायानेच मांडला होता. नंतर ती पद्धत मुंबईभर नेण्यात आली, पण मनुष्यबळ कमी पडले की पाळी लांबते आणि उजळणीचा दिवस सगळ्यात आधी रद्द होतो. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर तर वर्गातले तास कलमे आणि झडतीच्या चित्रीकरणाचे नियम शिकवण्यात गेले. तेही टाळता येण्यासारखे नव्हते. गस्तीच्या उजळणीसाठी वर्षातले ठरावीक दिवस, बंदोबस्त असला तरी न हलवता, राखून ठेवावेत ही मागणी अजून मान्य व्हायची आहे.